एका मोसमाचा टायर

"न्हाय म्हटलंय का? न्हाय न्हवं? मग व्हय."

नवा नियम आला की अण्णा एवढंच विचारायचे आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायचे. नियमांचा कागद इंग्रजीत यायचा. अण्णांना मराठी आणि कानडी वाचता येई, इंग्रजी येत नसे. म्हणून कागदाच्या चार घड्या करून, शर्टाच्या खिशात घालून ते बेळगावच्या वडगावात आमच्या दारात उभे राहायचे. मी सातवीत होते तेव्हापासूनचं हे.

"सगळं वाचू नगोस गं. त्यात न्हाय कुठं कुठं लिवलंय, तेवढं बोटानं दाव."

मी बोट ठेवायची. ते मान हलवायचे. जे मना केलेलं नाही ते सगळं आपलं, असा त्यांचा हिशेब. कागद पुन्हा खिशात जायचा आणि माझ्या हातावर एक लिमलेटची गोळी यायची. पुढं मी कॉलेजात गेले, पत्रकं काढायला लागले, मोर्चात घसा बसवायला लागले, तरी गोळी चुकली नाही.

हा कागद मोटारसायकलींच्या शर्यतीचा. तुम्ही पाहिल्या असतील आमच्या भागात. मोकळं मैदान, मुरूम टाकून केलेली वळणं, मातीचे उंचवटे, पाणी मारणारा टँकर, तीन भाषांत ओरडणारा भोंगा आणि दोरीपलीकडं धूळ खाणारी माणसं. पोरं गाडीसकट हवेत उडतात आणि आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्यात.

अण्णांचं वडगावच्या कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान. त्याआधी घरात यंत्रमाग होते. ते विकले तेव्हा साड्यांवरचे सुटे धागे कापायची दोन पाती त्यांनी तेवढी ठेवून घेतली. रविवारी ते उद्यमबागेतल्या एका कारखानदाराच्या शर्यतीच्या टीममध्ये टायर बघायचे. गाडी मालकाची, चालवणारा मालकाचा पुतण्या, टायर मात्र अण्णांचा. कागदावर त्यांना हुद्दा नव्हता. सगळे त्यांना 'टायरवाले अण्णा' म्हणायचे.

शर्यत संपली की सगळे धावायचे चालवणाऱ्याकडं. अण्णा मागच्या चाकापाशी उकिडवे बसायचे. गरम टायरवर उलटा हात टेकवायचा, मग बटणांवरून बोट फिरवायचं. मातीत पकड मिळावी म्हणून या टायरांवर रबराची उभी बटणं असतात, ती.

"तिसऱ्या वळणाला घाबरलास," खाली बघतच ते म्हणायचे.

"कोण म्हटलं?" पुतण्या हेल्मेट काढता काढता.

"ह्योच की. लई चुगलखोर हाय."

अण्णांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणतो. ती म्हणायची, "ताप आलेला मला, आणि ह्यांनी हात लावून बघितला टायराला."

दर वर्षी नियम बदलायचे आणि दर वर्षी अण्णा त्यातून वाट काढायचे. एका वर्षी ठरलं, शर्यतीच्या दिवशी सराव फक्त पाच फेऱ्यांचा. अण्णांनी पुतण्याला मैदान पायी फिरवलं, चप्पल काढून. कुठं माती मऊ, कुठं खडे, हे तळपायाला कळलं पाहिजे म्हणून. बाकीच्या टीमवाल्यांनी हसून घेतलं. पुढच्या शर्यतीला तेही अनवाणी होते.

मग गेल्या मोसमाचा कागद आला. मी तो वाचला आणि पुन्हा वाचला. एका गाडीला अख्ख्या मोसमात मागचा टायर एकच. पाच शर्यती, टायर एक. शर्यतीची कमिटी टायरवर पांढऱ्या रंगाची खूण करणार. बदलला तर त्या दिवशी सगळ्यांच्या मागून सुटायचं. कारण दिलं होतं, खर्च आवाक्यात ठेवणे.

"अण्णा, हे शक्य आहे?"

"टायर उलटा घालायला न्हाय म्हटलंय?"

"नाही."

"बटणं तासायला?"

"त्याचं काही लिहिलेलंच नाही."

"मग बसंल की गं ह्यात."

आणि त्यांनी बसवलं. बेळगावच्या तांबड्या मुरुमावर पहिली शर्यत झाली, बटणांच्या पुढच्या कडा गोल झाल्या. त्यांनी टायर उतरवला, फिरवून बसवला, मागच्या कोऱ्या कडा पुढं आणल्या. दुसऱ्या शर्यतीत त्याही गोल झाल्यावर ती जुनी पाती स्टोव्हवर तापवली आणि एकेक बटण तासून पुन्हा चौकोनी केलं. दुपारभर दुकानात जळक्या रबराचा वास. उन्हात टायरवर ओलं पोतं. तिसऱ्या शर्यतीत बाकीच्यांच्या गाड्या साबणावर चालल्यागत घसरत होत्या आणि अण्णांची गाडी दुसरी आली.

टायर तासला की बटण कमी होतं, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. कुठवर तासायचं आणि कुठं थांबायचं, हे त्यांच्या बोटाला माहीत होतं. पण ते बोट एकच होतं, आणि गाड्या चौदा होत्या.

तिसऱ्या शर्यतीनंतर बाकीच्या गाड्या चालवणारी पोरं माझ्याकडं आली. यंत्रमाग कामगारांसाठी मी पत्रकं लिहिते, निवेदनं लिहिते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पुढं निपाणीचा एक होता. बावीस-तेवीसचा, तंबाखूच्या वखारीत काम करणारा, हसला की डोळे मिटणारा.

"ताई, दुसरा टायर पायजे एवढंच लिवा. कोण तरी पडणार बघा ह्यात."

मी लिहिलं. ठणकावून लिहिलं. तेरा गाड्यांच्या सह्या झाल्या. चौदावी अण्णांची. मी दुकानात गेले. ते टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते.

"सही करा अण्णा."

"मला काय तरास न्हाय त्या नियमाचा."

"तुम्हाला नाही. बाकीच्यांना आहे."

"मग शिकून घ्यू देत की. शिकवतोय न्हवं मी? कुणाला न्हाय म्हटलंय?"

"अण्णा, तुम्ही नियम चालवून दाखवताय म्हणून तो चालतोय. तुम्ही हात काढला तर उद्या पडेल."

ते हसले. "नियमाशी भांडून कोण जिंकलंय? नियमात बसायचं असतं. तुझ्या पत्रकानं बंद पडलेलं माग चालू झालं व्हय?"

हे मला लागलं. मी ताडकन उठून आले. गोळी घेतली नाही.

कमिटीच्या बैठकीत आमचं निवेदन पाच मिनिटांत निकालात निघालं. टेबलाच्या त्या बाजूला बसलेला गृहस्थ म्हणाला, "चौदाव्या गाडीचा टायर बघून या. त्याच कंपनीचा, त्याच दिवशी खूण केलेला. अजून दोन शर्यती जाईल. तुम्हा लोकांना टायर वापरता येत नाही, हा नियमाचा दोष नाही." तेराजण बाहेर आले ते खाली मान घालून. निपाणीचा तेवढा म्हणाला, "चला, अण्णांकडं जाऊ. शिकायचंच तर शिकूया."

अण्णांनी शिकवलं. हातचं राखलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. दुकानाच्या पायरीवर सातआठ पोरं बसलेली मी बघितली आहेत. पातं किती तापवायचं, कसं धरायचं, बटणाच्या बुडाशी का जायचं नाही. "बुडाला हात लावशीला तर बटण ऱ्हाईल, धरायचं न्हाय," हे ते दोनदोनदा सांगत. पण पोरांचे टायर अण्णांच्या टायरसारखे नव्हते. ते आधीच तीन शर्यती फरफटले होते. तासायला वर काही उरलंच नव्हतं. मग बुडाशी जाण्यावाचून काय करणार?

चौथी शर्यत निपाणीजवळ, काळ्या मातीच्या रानात. काळी माती वाळली की विटेसारखी होते आणि पाणी मारलं की चिखल. टँकर थोड्या वेळापूर्वीच फिरून गेला होता. सकाळी गाड्यांची तपासणी झाली. कमिटीच्या माणसानं पांढरी खूण बघितली आणि पुढं सरकला. खूण जाग्यावर होती.

निपाणीच्याची गाडी अण्णांच्या शेजारी उभी होती. अण्णांनी तिच्या टायरवर बोट फिरवलं. मी तिथंच होते, पत्रकं वाटत. त्यांचं बोट एका बटणापाशी थांबलं.

"लई खोल गेलायस रं."

"वर काय ऱ्हायलंच नव्हतं अण्णा."

"आज बदल. मागनं सुट."

"घरचं मैदान हाय. आई आलीया बघायला. मागनं कसा सुटू?" तो हसला, डोळे मिटले.

अण्णांचं बोट अजून त्या बटणावरच होतं. मालकानं हाक मारली, ते गेले.

चौथ्या फेरीला मोठ्या उंचवट्यावरून तो उतरला तेव्हा मागचं चाक जमिनीला लागलं आणि पकडलंच नाही. गाडी आडवी झाली, तो खाली, गाडी पाठीवर. भोंगा क्षणभर बंद पडला. मग बाकीच्या गाड्या थांबवल्या. त्याची आई दोरीखालून वाकून धावत आली, हातात पाण्याची बाटली घेऊन.

त्याला कोल्हापूरला नेलं. पायांत पुन्हा जीव आला नाही.

अण्णा मैदानात वाकून काहीतरी वेचत होते. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, तुटलेली बटणं. सात का आठ. ओंजळीत धरून ते उभे होते आणि शर्यत पुन्हा सुरू होणार म्हणून स्वयंसेवक त्यांना बाजूला व्हायला सांगत होता.

तिसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले. खिशात कागद नव्हता.

"लिही," म्हणाले. "मी सांगतो तसं. ह्यो टायर एका मोसमाचा न्हाय. माझा टायर दुसऱ्या शर्यतीलाच मेलता. मी त्याला जिता दाखवला. माझ्याकडं बघून तुम्ही नियम ठेवला, त्यो काढा."

आता माझं ऐका. मी पत्रकं लिहून लिहून तयार झालेली बाई. कमिटीला हादरा बसेल असं काहीतरी मला हवं होतं. 'मेलता', 'जिता' हे मला भोंगळ वाटलं. मी लिहिलं, 'मी टायर कापून वापरले व इतर स्पर्धकांनाही कापण्यास शिकवले, ही माझी चूक मी कबूल करतो.' ठसठशीत, कुणालाही पळवाट न ठेवणारं वाक्य. वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला.

"असं लिवल्यावर काढतील नियम?"

"काढावाच लागेल."

त्यांनी सही केली. मोठी, शाळेतली सही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अण्णा ते घडी घालून घेऊन आले. मी वाचलं, आणि तोंड वर करायचं धाडस होईना.

"न्हाय कुठं कुठं हाय?"

"टायर कापायचा नाही."

"बरं. आणि?"

"तुम्ही मैदानात यायचं नाही. कधीच."

"आणि टायर?"

"एकच. तो नियम तसाच आहे."

माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं, अवतरणचिन्हांत. त्यांच्या लेखी दोषी सापडला होता, नियमाला कुणी बोट लावायचं कारणच उरलं नव्हतं. मालकानंही लगेच हात वर केले. "अण्णांनीच लिहून दिलंय, आम्ही काय करणार?"

मी रडायला लागले, चिडून. मी म्हणाले, आपण मोठं पत्रक काढू, कोर्टात जाऊ. अण्णांनी खिशातून लिमलेटची गोळी काढली, माझ्या हातावर ठेवली. "तुझ्यावर न्हाय राग," म्हणाले आणि निघून गेले. ती गोळी मला खाववेना.

पाचवी शर्यत झाली. मी गेले होते. तेरा गाड्या सुटल्या, त्याच टायरांवर. दोन पोरं घसरली, खरचटण्यावर निभावलं. कमिटीच्या गृहस्थानं बक्षीस देताना खर्च आवाक्यात राहिल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन केलं. मी वाटलेली पत्रकं लोकांनी ढुंगणाखाली घेतली, जमीन तापली होती म्हणून. नव्या मोसमाचा कागद आलाय म्हणे. तो माझ्याकडं कुणी आणला नाही.

अण्णांचं दुकान आता रोज उघडत नाही. गेल्या महिन्यात मी तिथं गेले तर आक्का म्हणाली, "निपाणीला गेल्यात. जात असतात की." मीही गेले, पहिल्यांदाच. इतके दिवस गेले नव्हते, हेही लिहून ठेवते.

तो घरासमोर बसला होता, हातानं पायडल फिरवायच्या तीनचाकीत. अण्णा नुकतेच दुपारच्या एसटीनं परत गेले होते. तीनचाकीच्या मागच्या चाकांचे टायर कोरे करकरीत, नव्या टायरवरची रबराची लव अजून झडलेली नव्हती. भिंतीला सायकलचे टायर टेकवून ठेवले होते, उतरवलेले. चार होते. एकही पुरता झिजलेला नव्हता.

त्याची आई चहा घेऊन आली. माझी नजर तिकडं गेलेली बघून म्हणाली, "काय सांगू बाई. जरा कुठं गुळगुळीत दिसला की बदलत्यात. म्हटलं, अण्णा, अजून वरीसभर जाईल की ओ त्यो. ऐकतच न्हाईत. दुकानातला नवीन आणत्यात, घालत्यात आणि जात्यात. च्यासुदिक घेत न्हाईत."