अंगाची साक्ष

योगिताच्या सासूला, गोजाबाईला, मेंदूज्वरानं नेलं नाही हीच चूक झाली, असं पाड्यावरच्या बायका बोलायच्या. आणि बोलून झालं की तिच्याच पडवीत बसून योगिताच्या हातचा चहा प्यायच्या.

तापातून उठलेल्या म्हातारीला लग्नातली जुनी गाणी पाठ होती, पण सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी घरात आलेली सून तर तिला रोज नवीनच. नाशिकच्या डॉक्टरांनी योगिताला समजावलं होतं, "मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, कोळंबीएवढा एकेक तुकडा असतो. हिप्पोकॅम्पस म्हणतात. तोच खराब झालाय. कुणी काय केलं, कशासाठी केलं, हे यांच्या डोक्यात राहणार नाही. पण भीती आणि माया दुसरीकडे साठते, ती राहील. तेवढं सांभाळा."

तेवढंच सांभाळणं तिच्या नशिबी नव्हतं. दिवाळीनंतर तिचा नवरा उमेश भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला आणि आठवड्याभरात गोजाबाईनं चुलीतल्या निखाऱ्यांवर पाय दिला. मोखाड्याच्या नर्सनं योगिताला जखम धुवायला शिकवलं. मग रोज सकाळी योगिता तो पाय मांडीत दाबून धरायची, चिकटलेली पट्टी ओढायची, आणि गोजाबाई गुरासारखी ओरडायची. घटकाभरात म्हातारी पट्टी विसरायची, पाय कशानं भाजला तेही विसरायची. भीती तेवढी जायची नाही. योगिता भाकर घेऊन आली तरी ती कुडाला चिकटून थरथर कापायची. शेजारची सुकरी गुळाचा खडा द्यायची, तिच्या गालावरून मात्र म्हातारी हात फिरवायची. पट्टी ओढायला सुकरी एकदाही आली नाही. योगिताला राग यायचा, रडूही यायचं, पण पाय तिनं सडू दिला नाही. शिमग्याच्या आत जखमेवर कातडी धरली.

शिमग्याला उमेश आला. आईनं त्याला कवटाळलं. योगिता पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली तशी आई त्याच्या पाठीमागं लपली. एवढं बघायला शेजार जमलेलाच होता. हिनं म्हातारीला मारलंय, हे आधी कोण बोललं ते कळलं नाही; सगळ्यांना ते जणू महिनाभर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पाड्याची माणसं बसली. जाणता म्हणून बुधा पुढं. योगिताच्या माहेरी, जामसरला, भावजय तिला दारात उभं करणार नव्हती. घर म्हणायला तिला हेच होतं. तिनं डॉक्टरांचं सगळं सांगितलं. कोळंबीचं नाव निघाल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुकरीनं विचारलं, "सुकी का ओली?"

"पाय बघा आईंचा," योगिता उमेशला म्हणाली. "कोनी बरा केला?"

"नर्सबाईनं," उमेश म्हणाला.

जीभ खोटं बोलते, कापणारं अंग बोलत नाही, अशी त्या पाड्याची पक्की समजूत. भगताच्या अंगात वारं आलं, तो घुमायला लागला, की त्याच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. बुधानं योगिताला सासूपुढं उभं केलं. म्हातारीचे हात कापायला लागले, मग हनुवटी.

"गोजे, ही कोन?"

"माला नाय ठाव."

"मारते का तुला?"

"नाय ठाव."

"मंग कापतेस कशाला?"

गोजाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते का कापतात हे तिला खरंच कळत नव्हतं, आणि त्यानं ती आणखीच घाबरली. "नाय ठाव रे बुधा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पन हिला घालव."

बुधानं मान डोलावली. उमेशनं बायकोकडे न बघता सांगितलं, "जा बापाच्या घरी."

कपड्यांची पिशवी घेऊन योगिता उंबऱ्याबाहेर पडली आणि म्हातारीचं अंग शांत झालं. "बघा," बायका एकमेकींना म्हणाल्या. योगितानंही वळून बघितलं. तिच्यासमोर गोजाबाई इतकी निवांत कधीच बसली नव्हती. मुलाचा हात हातात घेऊन ती हळूच विचारत होती, "कोन होती रं ती?"

"कोनी नाय, आई," उमेश म्हणाला.