भाऊबीजेचा होम रन

बेसबॉलमध्ये संघाचं नशीब हंगामाच्या मध्यावर कोणाला आणलं यावर ठरतं. आमच्या संघासाठी मी मानेसरहून माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आणला होता.

त्या वर्षी राजधानीतल्या आमच्या सरकारी वसाहतीत, आर. के. पुरममध्ये, बेसबॉलची साथ आली होती. परदेशातून परतलेल्या कुणा साहेबांनी बॅटी आणि ग्लोव्हज आणले आणि सेक्टरासेक्टरांत सामने सुरू झाले. आम्ही जिंकत होतो, तोच आमच्या हुकमी फलंदाजाची गुवाहाटीला बदली झाली. (सरकारी वसाहतीत खेळाडू जखमी होत नाहीत, त्यांची बदली होते!) कप्तान खन्नाजी डोक्याला हात लावून बसले.

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मेरा साला यूनिव्हर्सिटी में बेसबॉल खेलता था. कप घर आया समझो!"

"और नहीं आया तो?"

"तो इस सेक्टर में मुँह नहीं दिखाऊँगा!"

नियम असा, की सेक्टरमध्ये राहणाराच खेळणार. तेव्हा मेहुणा बाळू बॅग घेऊन आमच्या दोन खोल्यांत दाखल झाला. दिवाणावर तो, जमिनीवर मी. त्याच्यासाठी संघातून कुणालातरी राखीव म्हणून बाकावर बसवणं भाग होतं. खन्नाजींनी क्षणभरही विचार न करता मला बसवलं. (त्यानंतर आम्ही एकही सामना हरलो नाही. हा निव्वळ योगायोग!)

अंतिम सामना नेमका भाऊबीजेच्या दुपारी आला. सकाळी सुनीतानं भावाला ओवाळलं आणि पुरणपोळ्यांची चळत पुढ्यात ठेवली.

"अगं, दोनच वाढ! त्याला पळायचंय!"

"अहो, वर्षातून एकदा भाऊ पाटावर बसतो. त्याला काय मोजून वाढू?"

"भावोजी, ताईचं मन कसं मोडायचं?" पोळीवर तूप ओतून घेत बाळू म्हणाला. मानेसरच्या मेसमध्ये वर्षभर पातळ डाळ खाल्लेला माणूस तो! त्यानं ताईचं मन अजिबात मोडलं नाही. मीही मोडलं नाही. राखीव खेळाडूला कुठे पळायचं असतं?

शेवटच्या डावात सामना बरोबरीत होता. आमचा शेवटचा गडी म्हणून बाळू उभा राहिला आणि त्यानं असा टोला हाणला, की चेंडू मैदानाबाहेर, थेट दुधाच्या बूथच्या छपरावर! होम रन! आता चारही बेसना पाय लावत निवांत परत यायचं, की कप आमचा. बाळूनं पहिला बेस गाठला. दुसऱ्यावर मात्र तो पोट धरून बसला.

"भावोजी, आता नाही होत!"

पंच म्हणाले, "चलो, दूसरा रनर भेजो."

खन्नाजींनी बाकाकडे पाहिलं. तिथे फक्त मी होतो.

"सिर्फ जॉगिंग करनी है. कर लोगे?"

"बिल्कुल!"

मी दुसऱ्या बेसवरून धावलो. आता, रोज सकाळी बस गाठायला बागेच्या तुटक्या कुंपणातून आडवं जाणारा माणूस मी. समोर होम बेस, म्हणजे शेवटचा चौथा बेस, दिसत होता, मधे फक्त त्यांचा चेंडू फेकणारा पिचर. तिसरा बेस तिकडे उगाच लांब कोपऱ्यात! पिचरला "भाईसाहब, जरा साइड" म्हणत मी मैदान आडवं कापलं आणि होमवर उडी मारली.

"खन्नाजी, कप!"

टाळ्या आल्या, पण समोरच्या संघाकडून.

"तीसरा बेस?" खन्नाजींनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"वो तो रास्ते में पड़ा ही नहीं!"

पंचांनी मला बाद दिलं, धाव रद्द केली आणि पुढच्या जादा डावात आम्ही हरलो. खरं सांगतो, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. घरी सुनीता एवढंच म्हणाली, "तरी माझ्या बाळूनं होम रन मारला हो!"

पुढच्या हंगामाच्या मध्यावर खन्नाजी मिठाई घेऊन आले. मला शेजारच्या सेक्टरच्या संघाला देऊन टाकायचं त्यांच्या मनात होतं. बदल्यात काही नको, राहण्याचा नियमही माझ्यापुरता शिथिल! मीही मोठ्या मनानं होकार दिला.

संध्याकाळी शेजारच्या सेक्टरचा कप्तान दारात हजर. त्याच्या हातात त्याहून मोठा मिठाईचा डबा.

"भाईसाहब," हात जोडून तो म्हणाला, "आप जहाँ हैं, वहीं रहिए. हमें कप जीतना है!"