गोलात उभं राहून मारायची हाक

माझं तोंड फाटकं आहे, हे सगळ्या गंगाखेडला माहीत आहे. मैदानावर तर विचारूच नका. पोरींच्या फुटबॉल टीमला शिकवणारे गुरुजी वेगळे, माझ्याकडं फक्त गोलकीपर पोरी असतात. ते बाकीच्यांना पळवतात आणि मी एका गोलाजवळ उभी राहून घसा फोडते. आमची जमीन काळी. पाऊस उघडला की तिला भेगा पडतात, त्यावर उडी मारली की कोपरं सोलून निघतात. म्हणून आम्ही पोत्यांत उसाचं पाचट भरून गाद्या केल्यात. त्यांच्यावर पडायला शिकवायचं, बॉलच्या मागं हात आणि हातांच्या मागं अंग ठेवायला शिकवायचं, आणि या सगळ्याच्या आधी ओरडायला शिकवायचं.

ओरडायला अशासाठी की बॉल उंच आला म्हणजे कीपर वर बघत धावते, आणि आपलीच बॅकची पोरगीसुद्धा वर बघतच धावते. कीपरनं ‘सोड’ म्हणून हाक दिली नाही तर दोघींची टाळकी एकमेकींवर आपटतात. आमच्याकडच्या पोरींना हळू बोलायचं बाळकडू पाजलेलं असतं. ते मी आठवडाभरात उतरवते. चिडवते, नकला करते, घरी भावाशी भांडताना कसा गं आवाज निघतो, असं विचारते. ज्या पोरीची ही गोष्ट, तिलाही मी ते विचारलं होतं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

ऊसतोडीला गेलेल्या लोकांच्या लेकरांसाठी दिवाळीनंतर वसतिगृह चालतं, तिथं ती राहायची. आईबाप तिकडं लांब कारखान्यावर. हात मात्र असे की बॉल येऊन चिकटायचा. पडायची भीती नाही, लागल्याचं रडगाणं नाही. इतकी वर्षं पोरी शिकवते, पण असे हात मी पाहिले नव्हते. फक्त तोंडाला कुलूप.

एकदा सरावात व्हायचं तेच झालं. ताडकळसची एक थोराड हाडाची पोरगी बॅकला खेळायची. कॉर्नर आला, दोघी धावल्या, ही गप्प, आणि त्या बिचारीचा ओठ फुटला. रक्त बघून माझा पारा चढला. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गुरुजी म्हणाले, मुकी कीपर उद्या कुणाचं तरी डोकं फोडेल, दुसरी उभी करा. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, तेही जमिनीकडं बघत.

“बाई, हाक मारली की माणूस आपल्याकडं पळत येतंय.”

मला वाटलं, ही उलट बोलायलीय. अजून चार शब्द सुनावले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. मागच्या हंगामात ही पोरगी आईबापाबरोबरच गेली होती. ते उसात, आणि ही पाचटाच्या झोपडीपाशी, कोपीपाशी, धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. भाऊ रस्त्याच्या पलीकडं खेळत होता. भाकरी झाली म्हणून हिनं नाव घेऊन हाक मारली. ते लेकरू हाकेसरशी पळत सुटलं. उसाचा ट्रॅक्टर यायलाय हे ना त्यानं बघितलं ना हिनं. तेव्हापासून ही कुणालाच हाक मारत नाही. पाणी पाहिजे असलं तरी उठून जवळ येते, नाहीतर भिंतीकडं तोंड करून बसते. घरात तर त्याचं नावच बंद झालेलं. त्यांच्यात मानतात की दिवेलागणीला गेलेल्याला नावानं हाक मारू नये. ते परत येतं, दाराशी उभं राहतं, आणि मग त्याला जाता येत नाही.

मी मोरीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि मैदानावर गेले. गोलातली जागा गेली तर ही पोरगी परत भिंतीकडं तोंड करून बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. तिला पाचटाच्या पोत्यावर बसवलं. म्हटलं, बाळा, ही हाक बोलवायची नाही, ही थांबवायची आहे. गोलातून मारलेल्या हाकेनं माणूस जागच्या जागी थांबतं आणि वाचतं. तिनं मान हलवली. पण आवाज काही फुटला नाही. गुरुजींकडून मी एका मॅचची मुदत मागून घेतली.

ती मॅच परभणीला होती. दुसऱ्या हाफमध्ये बॉल उंच आला आणि ताडकळसची ती पोरगी, ओठ नुकताच बरा झालेला, मागं न बघता धावत सुटली. मी डोळे मिटणारच होते. तेवढ्यात गोलातून आवाज आला. अंगावर काटा यावा असा आवाज. ‘सोड’ नव्हतं ते. तिनं भावाचं नाव घेतलं आणि ‘थांब’ म्हणाली. बॅकची पोरगी खांबासारखी थांबली. रेफरीसुद्धा दचकला. बॉल हिच्या हातात होता.

नंतर मला एवढंच म्हणाली, निघालं तोंडातून, बाई, आईला नका सांगू.

ते नाव मी इथं लिहीत नाही. पण त्या दिवसापासून मैदानावर तेच चालू झालं. कुणी ठरवलं नाही. हिच्या तोंडून तेच निघायचं, बॅकच्या पोरी त्यालाच थांबायच्या, आणि झरीहून आलेल्या दोन बारक्या कीपर पोरींना वाटलं की फुटबॉलमध्ये असंच ओरडतात. त्याही तेच ओरडायला लागल्या. ऊन उतरल्यावर आमचा सराव असतो. अंधारून यायच्या वेळेला तिघी मिळून एका गेलेल्या लेकराला हाका मारायच्या. मी भुताखेताला भीक घालत नाही. तरी घरी भांडी घासताना मला ते नाव ऐकू यायचं, आणि नळ बंद करून मी कान द्यायची. कितीदा मनात आलं, बंद करावं हे. पण बंद केलं तर ही परत मुकी होणार. मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसणं किती जड जातं, ते माझं मला माहीत.

हंगाम संपला, माणसं परतायला लागली. एका संध्याकाळी फाटकापाशी एक बाई उभी दिसली. हातात बोचकं, तोंड उन्हानं काळवंडलेलं. हातांवरून मी ओळखलं, लेकीचे हात तिचेच. नेमकी तेव्हाच झरीची एक बारकी गोलात होती. बॉल वर गेला आणि तिनं ते नाव घेऊन हाक ठोकली. बाईच्या हातातलं बोचकं खाली पडलं.

मी धावत गेले. आता ही पोरीला घेऊन जाणार, उद्यापासून पोरगी घरात, गोल संपला, असंच माझ्या मनात होतं. ती हाक कशासाठी ते तुटक तुटक, जमेल तसं सांगितलं. बाई मैदानाकडंच बघत होती. बारकीनं परत हाक मारली, बॅकची पोरगी परत थांबली. बाईनं पदर तोंडाशी धरला.

“हाक मारली की थांबतंय का मग?”

“थांबतंय,” मी म्हणाले. “एका हाकेत.”

तेवढ्यात तिची लेक गोलात आली आणि तिला आई दिसली. पोरीचा चेहरा पांढरा पडला. गुरुजींना काही कल्पना नाही, त्यांनी बॉल उंच मारला. ताडकळसची धावली. ही पुढं आली, हात वर, तोंड घट्ट मिटलेलं. मी ओरडणार होते, पण माझ्या कानाशेजारूनच हाक गेली. आईनं लेकाचं नाव घेतलं. “थांब रं,” म्हणाली, “थांब लेकरा माझ्या, येऊ नको.”

सगळं मैदान जागच्या जागी थांबलं. पोरीनं बॉल छातीशी आवळून धरला होता.

दिवेलागण झाली होती. आईनं हळूच मागं वळून रस्त्याकडं बघितलं. मग मीही बघितलं.