ज्याचं हिरवं, त्याची जागा

शिंपीणबाई आणि तिचा थोरला दीर एकाच घरात राहतात आणि टोमणा मारायचा असेल तरच एकमेकांशी बोलतात. बाई विधवा. मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, मशीनपुढे खिडकी, खिडकीबाहेर कुंपणालगत जमिनीची पट्टी. तिथे तिने रानातून आणलेली कळलावी लावली होती. पानांच्या टोकांनी तारेला विळखे घालत चढणारी वेल, लाल-पिवळी फुलं. ही लावली की घरात भांडणं होतात म्हणतात. इथे भांडणं आधीपासूनच होती.

सासूने मरण्यापूर्वी नियम घालून दिला होता: अंगणात ज्याचं हिरवं, त्याची जागा. पुढे जावेचे गुलाब, मागे हिची वेल. दिराला मात्र मागे स्कूटरसाठी शेड हवी होती.

हंगाम संपला, वेल वाळून काडी झाली. दीर कुदळ घेऊनच आला.

“मेली तुझी वेल. आता जागा माझी.”

“झोपलीय ती, भाऊजी. खाली कंद आहेत.”

“हिरवं दिसतंय का काही? आईचा शब्द म्हणजे शब्द.”

बाईने मशीन थांबवलं नाही. कुदळीने बोटाएवढे जाड, दोन फाट्यांचे कंद वर आले. काही तुटले.

“हे कुठे टाकू?”

“जाऊबाईंच्या खतात टाका. वाया कशाला?”

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही,” दीर पुटपुटला आणि टाकून आला.

कळलावीचा कोंब कंदाच्या टोकाला असतो. टोक मोडलं की कंद गेला. शाबूत राहिलं तर तो कोरडाच महिनोन्महिने तग धरतो. बाईला हे ठाऊक होतं. ते खत गुलाबांना जातं, हेही.

मागे शेड उभी राहिली. पावसात पुढे गुलाबांमध्ये कोंब आला तेव्हा जावेला तो गुलाबाचाच फुटवा वाटला. तिने हौसेने काठीही लावली. फुलं उमलली तशी ती विळा घेऊन धावली. शिंपीणबाई बादली घेऊन उभीच होती.

“कापा की. पण आधी सांगा, सासूबाईंचा शब्द खरा की खोटा? खोटा असेल, तर शेड पाडा.”

जावेने नवऱ्याकडे पाहिलं.

“काठी कुणी लावली?” तो म्हणाला. “भोग आता.”

तेव्हापासून शिंपीणबाई रोज सकाळी जावेच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून गळकी बादली नेते आणि वेलीच्या मुळाशी सावकाश पाणी घालते. गुलाबांवर थेंबही उडू देत नाही.