जमिनीवर ठेवलेले घुमट

मी गेममधली गावं बांधते असं सांगितलं की कराडमधले आमचे शेजारी समजल्यासारखी मान डोलावतात आणि विषय बदलतात. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओचं काम मी घरूनच करते. मध्यंतरी आम्ही एका काल्पनिक जगाचा गेम करत होतो आणि त्यात डोंगरउतारावरचं, दिवे बनवणाऱ्या लोकांचं गाव माझ्याकडे आलं होतं.

अशा गावात प्रत्येक घर वेगळं बांधत नाहीत. सुटे भाग असतात. साधी भिंत, खिडकीची भिंत, कोपरा, दार, जिना, छपराचा तुकडा, एखादा घुमट. सगळे एकाच मापाचे, त्यामुळे एकमेकांशेजारी नेले की बरोबर चिकटतात. ते खऱ्या घरांसारखे दिसावेत असंही नसतं. आमच्या भिंती जरा पोट सुटलेल्या होत्या, वासे गरजेपेक्षा जाड होते आणि छपरं डोळ्यांवर ओढलेल्या टोपीसारखी खाली आलेली होती. हे भाग जोडत बसायला मला मनापासून आवडतं. दुपारपर्यंत एक गल्ली उभी राहते.

एकदा आई शेजारी लसूण सोलत बसली होती आणि मी पडद्यावर त्या गल्लीतून चालून बघत होते. आई सहज म्हणाली, "इथनं मघाशी गेलीस की. ढलपा निघालेला हा दगड बघितलाय मी."

आम्ही तिथून गेलो नव्हतो. ती दुसरी गल्ली होती, भिंत मात्र तीच. मी तो तुकडा उलटा फिरवला, रंग बदलला, पुढे एक पिंप ठेवलं. आईला दगड पुन्हा सापडला. आठवड्याच्या बैठकीत आमच्या टीमच्या मुख्य बाईंनीही तेच सांगितलं, गाव सुंदर आहे पण दोन वळणांनंतर कळतं की सगळं एकाच साच्यातून आलंय. मला वाईट वाटण्यापेक्षा प्रश्न पडला. कराडच्या आमच्या कॉलनीतही सगळी घरं एकाच नकाशाची आहेत. तिथे असं का होत नाही?

त्याच सुमारास कुंडलला एका नात्यातल्या लग्नाला गेलो. मैदानाच्या तोंडाशी फायबरचा भलामोठा राजवाड्याचा दरवाजा उभा होता. खांब, कमानी, झरोके, वर घुमट. आत शिरताना मी एका खांबापाशी थांबले. खांबावरच्या मोराची चोच तुटलेली होती. हाच मोर मी कराडला एका दुकानाच्या उद्घाटनाला पाहिला होता, तेव्हा तो निळा होता आणि मंदिराच्या कमानीखाली होता. आता सोनेरी होता. दारातून एवढी माणसं जात होती, पण तो कुणाच्या लक्षात येत नव्हता.

मी जेवायच्या पंगतीऐवजी दरवाज्याच्या मागे गेले. मागे लोखंडी सांगाडा, बांधणीची तार, वाळूची पोती. तिथे डेकोरेटर आणि त्यांची बायको खुर्च्या टाकून चहा पीत होते. दोघं चाळिशीची, कडेगावची. मी मोराबद्दल विचारलं, तेव्हा बाई जरा ओशाळल्या. त्यांना वाटलं मी नवरीकडची, तक्रार करायला आलेय. मी फोनवर माझं गाव दाखवलं आणि माझं काम सांगितलं. डेकोरेटरांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

"म्हंजे तुमी बी आमच्यासारखंच करताय," ते म्हणाले. "फकस्त टेंपो लागत न्हाई."

मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली. गिऱ्हाइकाला दरवाजा कसा दिसेल ते आधी दाखवता येत नाही, जुने फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येकाला फोटोतलं नको असतं. बोलता बोलता ठरलं की मी त्यांचे सगळे भाग मोजून संगणकात करून द्यायचे, म्हणजे ते हवे तसे जुळवून दाखवता येतील. बदल्यात मला त्यांच्या गोदामात हवं तितकं हिंडू द्यायचं.

गोदाम कडेगावच्या बाहेर उसाला लागून आहे, पत्र्याचं. पुढच्या रविवारी मी टेप आणि कॅमेरा घेऊन गेले. मोजायला लागल्यावर मजा कळली. एकसारखा दिसणारा कुठलाच खांब दुसऱ्याइतका उंच नव्हता. उन्हानं काही वाकले होते, काही दुरुस्त करताना जाड झाले होते. मी विचारलं की मग फटी राहत असतील. बाई म्हणाल्या, राहतात, तिथं त्या झेंडूच्या माळा सोडतात, कापडाची झालर लावतात, नाहीतर एखादी कुंडी ठेवतात. फट रोज वेगळ्या जागी येते, म्हणून झाकणही रोज वेगळ्या जागी. माझे भाग इतके अचूक बसत होते की झाकायला काही उरतच नव्हतं. मी घरी जाऊन मुद्दाम जोड ढिले केले आणि फटींसाठी वेगळ्या वस्तू बनवल्या: चादरी, वेल, लाकडाच्या मोळ्या, वाळत घातलेल्या वाती. गावात पहिल्यांदा जीव आल्यासारखं वाटलं.

इकडे त्यांचं कामही पुढे सरकलं. कराडजवळच्या एका लग्नाचा दरवाजा मी पडद्यावर जुळवून दिला, दोन मजली, वर त्यांच्याकडचे तिन्ही घुमट. नवरीचे वडील फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी बघताक्षणी होकार दिला. लग्नाच्या आदल्या दिवशी मी हौसेनं बघायला गेले. खालचा मजला उभा राहिला आणि डेकोरेटर शिडीवरून खाली उतरले. मैदानाच्या तोंडावरून विजेची तार गेली होती. पडद्यावर तार नव्हती. मैदानाचा फोटो मी मागितला नव्हता आणि त्यांनाही पाठवायचं सुचलं नव्हतं. दरवाजा दुसरीकडे हलवायला जागा नव्हती. वरचा मजला चढणार नव्हता हे नक्की.

नवरीचे वडील तारेकडे बघत उभे राहिले. ते रागावले नाहीत, पण मुलीला फोटो दाखवून झालाय एवढं दोनदा म्हणाले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. डेकोरेटरांच्या बाई मात्र टेंपोत पडलेल्या घुमटांभोवती फिरत होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "खालीच ठेवूया की हे. वाटंच्या दोन्ही अंगाला."

आम्ही ते ठेवले. दोन घुमट वाटेच्या कडेला, बुटक्या खांबांवर, माणसाला वाकून आत जाता येईल एवढे. तिसरा एकटाच कडुलिंबाखाली. आत दिव्यांच्या माळा सोडल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे मोठ्या दरवाज्याखालून सरळ निघून जात होते आणि घुमटांपाशी थांबत होते. म्हाताऱ्या बाया आत बसून फोटो काढून घेत होत्या. नवरीचे वडील मला म्हणाले की वर असते तर कुणी मान वर करून बघितलं असतं का, कुणास ठाऊक. नवरीला मात्र दोन मजलीच हवा होता, असं नंतर कळलं. त्याला काही इलाज नव्हता.

मीही माझ्या गावातल्या काही घरांचे घुमट उतरवून वाटेवर ठेवले. कारण काय, ते मला नीट सांगता येत नव्हतं. मुख्य बाईंनी विचारलं, हे इथे कसे आले? मी म्हटलं, वर काहीतरी आडवं आलं असेल. त्यांनी ते ठेवायला सांगितलं. गेमची चाचणी घेणारी मंडळी गावात शिरली की गेमनं दिलेली कामगिरी सोडून आधी त्या घुमटांत जाऊन उभी राहायची.

गाव पूर्ण झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन कडेगावला गेले. डेकोरेटर चौकट कशी जुळते ते विचारत राहिले. बाई गल्ल्या बघत होत्या. एका दारापाशी त्यांनी मला थांबवलं.

"आत काय हाय?"

आत काही नव्हतं. दार भिंतीचाच भाग होतं, उघडत नव्हतं. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, त्यांच्याही दरवाज्यामागे पोतीच असतात. पण हे गाव आहे, इथे कुणीतरी राहत असेल ना. कोण राहतं, असं त्यांनी खरोखर कुतूहलानं विचारलं.

दिवे बनवणारे, एवढंच मला सांगितलेलं होतं. मग आम्ही दोघींनी तिथेच ठरवायला सुरुवात केली. या घरात एक बाई असावी, तिला दिवे करायचा कंटाळा असावा, असं त्यांनी सुचवलं. मग ती काय करते, मी विचारलं. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि खिडकीच्या आत काही दिसतंय का ते बघायला लागल्या.