आठव्या पायरीवरचा बिगुल

कौलांच्या कारखान्यात घड्याळ एकच होतं आणि ते मालकीणबाईंच्या खोलीत कुलपाआड बसलेलं असायचं. बाकी शंभर-सव्वाशे माणसांचं घड्याळ म्हणजे गालफुगे. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतं, नाही असं नाही, पण हजेरी घेणारासुद्धा ते नाव पुकारून वर बघायचा, की हा बाबा कोण. बिगुल ओठाला लागला की त्याचे गाल असे टम्म व्हायचे, जणू दोन्हीकडे एकेक लिंबू कोंबलंय. मालकीणबाईंनी खिडकीतून रुमाल हलवला की भट्टीच्या ओट्यावर उभं राहून फुंकायचं. सकाळी कामाला लागा, दुपारी जेवा, संध्याकाळी सुटा. दुपारच्या बिगुलावर लोकांचा जरा जास्तच जीव. मधल्या वेळात ओली कौलं उन्हात उलटीपालटी करायची, असा त्याचा दिवस.

फुंकायचाही कसा, तर गावाच्या पार त्या टोकाला धोबीण हातातली इस्त्री बाजूला ठेवून म्हणायची, "चला, बारा वाजले."

आणि अशा माणसावर डाग कसला, तर बिगुल न वाजवल्याचा!

बत्तीस वर्षांपूर्वी तो फौजेत होता. मिसरूड नुकतं फुटलेलं, उत्साह पायलीभर आणि अक्कल चिमूटभर. एका लढाईत त्याला एका टेकाडावर एकट्याला उभं केलं. पुढे चारशे पावलांवर खंदकात आपले अडतीस शिपाई. पुढे डावीकडे, बऱ्याच लांबच्या डोंगरावर मोठे साहेब. ठरलं असं, की डोंगरावर लाल निशाण हललं की यानं हल्ल्याचा बिगुल फुंकायचा, आणि तो ऐकून अडतीस जणांनी उठून धावायचं. निशाण हललं. यानं फुंकला. पुन्हा फुंकला. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत फुंकला. खंदकातून एक टोपी वर येईल तर शपथ.

गंमत अशी, की मागे दोन कोसांवर चुली पेटवून बसलेल्या स्वयंपाक्यांना तो खणखणीत ऐकू आला. त्यांना वाटलं, जिंकलोच आपण! त्यांनी दुप्पट तांदूळ वैरले. संध्याकाळी अडतीस माणसं गेली तशी परत आली आणि आडवं होईपर्यंत जेवली.

मग चौकशी. खंदकातल्या तुकडीच्या हवालदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "बिगुल वाजलाच नाही." गालफुगे म्हणाला, "वाजवला." स्वयंपाकी म्हणाले, "आम्ही ऐकला." पण स्वयंपाक्याला विचारतो कोण? मीठ कमी पडलं तरच त्याची आठवण. साहेब म्हणाले, "चारशे पावलांवर येत नाही आणि दोन कोसांवर येतो, म्हणजे आवाज काय उडी मारून गेला?" सगळे हसले. गालफुग्याच्या कागदावर लिहिलं गेलं, भीतीपोटी बिगुल वाजवला नाही, आणि त्याची फौजेतून घरी पाठवणी झाली.

लग्न ठरलं तेव्हा त्यानं होणाऱ्या बायकोला हे सगळं आधीच सांगून टाकलं. माणूस सरळ. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाजवला असेल हो." त्या 'असेल'नं त्याला पुढे किती वर्षं टोचलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तर झालं काय, की कारखान्याची गावाकडची मातीची खाण संपली आणि यंदा नदीच्या बाजूला नवी उघडली. भट्टीपासून चारशे-साडेचारशे पावलं. चाळीस खणणारे आणि त्यांच्यावर नवा मुकादम. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, बोलणं असं की समोरच्याचे पाय आपोआप जुळावेत. गालफुग्यानं लांबूनच ओळखलं. हाच तो हवालदार! हवालदारानंही ओळखलं. दोघांनी एकमेकांना ओळख मात्र दाखवली नाही. जुन्या दुखण्यावरची खपली कोण उगाच काढतो?

पंधरा दिवस सुरळीत गेले. मग ऊन तापलं आणि दुपारचा नदीवरून कारखान्याकडे वारा सुटायला लागला. पहिल्याच दिवशी खाणीवरची चाळीस माणसं दोन वाजता वर आली, ती भुकेनं लालबुंद होऊन.

"जेवणाचा बिगुल कुठंय?" हवालदार गरजला.

"बारालाच वाजला की," भट्टीवाले म्हणाले. त्यांची भांडी धुऊन पालथी पडली होती.

"आम्हाला नाही आला ऐकू! मुद्दाम पाठ फिरवून फुंकतो हा. याची खोड जुनीच आहे." आणि मग ती बत्तीस वर्षांची खपली हवालदारानं भर अंगणात, सव्वाशे माणसांसमोर, नखानं उचकटली.

गालफुग्यानं बिगुल पाठीमागे धरला. गाल एवढेसे झाले.

मालकीणबाई न्यायाच्या, पण फटकळ. म्हणाल्या, "तुमची लढाई तुमच्यापाशी. माझी माणसं उपाशी राहता कामा नयेत. गालफुग्या, तुला तीन दिवस. खाणीवर ऐकू आला तर ठीक, नाहीतर मी विजेचा भोंगा आणते. बटण दाबायला बिगुलवाला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं खाणीकडे तोंड करून असा फुंकला, की धोबिणीनं इस्त्री खाली ठेवायच्या ऐवजी पायावर ठेवली म्हणतात. खाणीवर काही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. फक्त एक माणूस बाराच्या ठोक्याला खाणीच्या काठावरच्या शेडच्या छपरावरून खाली उतरला आणि म्हणाला, "चला रे, बिगुल झाला." तो छपराची कौलं शाकारत होता.

"तुला बरा ऐकू आला?" हवालदारानं विचारलं.

"आला म्हणजे? चांगला आला."

"येणारच! तू त्याचा मेहुणा."

हे खरंच होतं. शाकारणारा गालफुग्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्यात खादाड म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला. खणणारे म्हणाले, "याला जेवणाची हाक काय, आजूबाजूला कुणी नुसती ताटली पुसली तरी ऐकू येते."

त्या संध्याकाळी गालफुगे घरी आला तो बिगुल मांडीवर घेऊन बसला. बायकोनं चहा पुढे ठेवला.

"अहो, एखाद दिवस चुकून दुसरीकडे बघत..."

"तूसुद्धा?"

ती चुलीकडे वळली. चहावर साय धरली तरी त्यानं कपाला हात लावला नाही. इतक्यात मेहुणा आला, दारातूनच बोलत.

"भाऊजी, एक सांगू? मला मेहुणा म्हणून हिणवतात, पण मी छपरावर असतो तेव्हाच ऐकू येतो. काल बाराच्या जरा आधी खिळे आणायला खाली उतरलो होतो, वेळेवर वर चढलो नसतो तर मीसुद्धा जेवण चुकवलं असतं! मी, जेवण!"

गालफुग्यानं मान वर केली. मेहुण्यानं जेवण चुकवणं म्हणजे सूर्यानं मावळायचं विसरणं.

"खाली अजिबात नाही?"

"ठार नाही. वर गेलं की आहे."

गालफुगे उठला आणि तसाच निघाला, बायको "चहा! चहा!" करत राहिली. तडक मालकीणबाईंच्या दारात. म्हणाला, "बाई, भोंगा आणा, नाही म्हणत नाही. पण उद्या बाराला तुम्ही स्वतः खाणीवर उभ्या राहा. आणि हवालदारांना शिडीवर चढवा."

"शिडीवर? कशाला?"

"मलाही नीट सांगता येत नाही. पण चढवा."

दुसऱ्या दिवशी बाराला खाणीच्या काठावर जत्रा. मालकीणबाई छत्री घेऊन, चाळीस खणणारे, हातात नवऱ्याचा डबा घेऊन गालफुग्याची बायको, आणि छपराला टेकलेली शिडी धरून मेहुणा. भट्टीच्या ओट्यावर गालफुगे उभा होता. पितळेचं तोंड उन्हात लखलखत होतं, आणि ते थेट इकडेच होतं, त्यात वाद नव्हता. मालकीणबाईंनी रुमाल हलवला; तो दुसऱ्यांदा हलेपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलं होतं.

वारा नदीवरून येऊन पाठीवर आदळत होता. खाणीच्या कडेला कावळ्याची काव ऐकू येत होती. बिगुल नाही.

"फुंकतोय का तो?" बाईंनी विचारलं.

"फुंकतोय," मेहुणा म्हणाला. "माझ्या ताईला विचारा, लांबूनसुद्धा ओळखेल. फुंकताना भाऊजी डावा पाय वर घेतात."

गालफुग्याचा डावा पाय वर होता. बायको बघत राहिली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण नवरा समोर जीव तोडून फुंकतोय आणि कानाला काही नाही, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"हवालदार, चढा," बाई म्हणाल्या.

हवालदाराच्या गुडघ्यांची आणि शिडीची पूर्वीपासून फारकत होती. पण फौजेतला माणूस, बायकांसमोर नाही कसं म्हणणार? एक पायरी. दोन. तीन. दर पायरीवर थांबून मान वाकडी करून ऐकायचा आणि वरूनच ओरडायचा, "काही नाही!" पाच, "काही नाही!" सहा. सात, "अजून काही ना..."

आठव्या पायरीवर तो गप्प झाला.

"काय हो?"

हवालदार एक पायरी खाली उतरला. कान दिला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली. असं चार-पाच वेळा. शेजारच्या विहिरीवरचा पोहराही इतका वर-खाली करत नसेल. खणणारे हसायला लागले.

"हवालदार, झोका घेताय की काय?"

"गप्प बसा रे!" तो वरून खेकसला, पण खेकसण्यात दम नव्हता. "आहे. इथे आहे. आणि इथे... नाही. अरे, दोन वितींवर आहे आणि नाही!"

मग मालकीणबाईंनी छत्री मिटली आणि स्वतः चढल्या. त्यांच्यामागे गालफुग्याची बायको, डबा हातातच. सगळ्यांना आठव्या पायरीवर जायचं होतं. देवदर्शनाला लागावी तशी रांग लागली.

"वाऱ्याचं काम," मेहुणा पंडितासारखा म्हणाला. "वारा समोरून आला, त्यात जमीन तापलेली, की आवाज आपला डोकं वर करून जातो. खाली जे बसलेत त्यांच्या टाळूवरून. छपरावर बसणाऱ्याला हे कळतं. खाली कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही."

हवालदार मात्र शेडच्या कडेला खाली बसला होता. गालफुगे धापा टाकत तिथे पोचला तेव्हा सगळे बाजूला झाले.

"त्या दिवशी वारा कुठून होता रे?" हवालदारानं खाली बघतच विचारलं.

"तुमच्याकडून माझ्याकडे. माझी टोपी दोनदा उडाली."

"आणि आम्ही खंदकात. छाती जमिनीला चिकटवून. हुकूम कुणाचा? माझाच. म्हटलं होतं, जो डोकं वर काढेल त्याला मी बघून घेतो." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "चौकशीत दोनच वाटा होत्या बघ. एक तर तू वाजवला नाहीस, नाहीतर आम्ही ऐकूनही पडून राहिलो. अडतीस पोरं होती माझी. मी तुझ्या नावावर ढकललं. पण खरं सांगू? पुढे पुढे मलाच शंका यायला लागली. वाटायचं, बिगुल वाजला असेल, आणि भीतीनं माझेच कान बंद झाले असतील. भित्रा तू नसशील, मी असेन. परवा तुझ्यावर ओरडलो ना, ते त्या शंकेवर ओरडलो."

गालफुगे त्याच्या शेजारी बसला. बत्तीस वर्षं या माणसाला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या तोंडाशी आल्या आणि तिथेच विरघळल्या.

"म्हणजे तुम्हीही खरंच बोललात," तो शेवटी म्हणाला.

"आणि तूही."

"मग खोटं कोण बोललं?"

"वारा!" मेहुणा म्हणाला.

"वाऱ्यानं बरंच केलं," हवालदार म्हणाला. "दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे गेलो तर समोरच्या झुडपांत सात तोफांच्या चाकांच्या खुणा. तोफा आमच्याकडेच तोंड करून ठेवल्या होत्या. ऐकू आलं असतं ना, तर पहिला मी उठलो असतो. आज ही शिडी चढायला कोण आलं असतं?"

मग मालकीणबाईंना घड्याळाची आठवण झाली. "बरं, भोंग्याचं राहू दे. पण भोंगाही याच वाऱ्यात वाजणार ना, मग खाणीवर कळवायचं कसं?"

"मी कळवीन," हवालदार उठत म्हणाला. "बाराला आठव्या पायरीवर मी उभा. ऐकू आला की खाली सांगीन." आणि मग चाळीस खणणाऱ्यांकडे वळून, फौजेत हुकूम द्यायचा त्याच आवाजात, "ऐका रे सगळे! परवा अंगणात मी जे बोललो ते चूक. या माणसानं बिगुल वाजवला होता. हे ज्याला त्याला सांगा. कमी पडलं तर मला विचारायला पाठवा."

गालफुग्यानं उगाचच बिगुल बाहीनं पुसला. पितळ आधीच चकचकीत होतं. डोळे पुसता येत नव्हते ना चारचौघांत.

संध्याकाळी तो सुटीचा बिगुल फुंकून बायकोबरोबर घरी निघाला.

"खरं सांग," तो म्हणाला, "इतकी वर्षं तुला काय वाटत होतं?"

तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "निम्मं पटायचं."

"कुठलं निम्मं?"

"तुम्ही फुंकला हे पटायचं. भिऊन गप्प बसणं तुमच्यानं होणारच नाही, तुम्हाला झोपेतही गप्प बसता येत नाही. पण चारशे पावलांवर ऐकू आला नाही, हे काही केल्या गळी उतरेना. अहो, तुमचा बिगुल! पोरगी तान्ही होती तेव्हा भट्टीवरून वाजला की पाळण्यात दचकायची. म्हटलं, इतका मोठा आवाज लपणार कुठे?"

"आणि आता?"

"आता सगळं पटलं. पण एक आहे."

"काय?"

"त्या स्वयंपाक्यांची साक्ष कुणी धरली नाही, हे मला आता जास्त लागलंय. जेवण रांधणाऱ्यांना नेहमीच आधी कळतं, आणि त्यांना विचारत कुणीच नाही."

गालफुगे जोरात हसला. इतक्या जोरात, की पुढे चाललेल्या धोबिणीनं मागे वळून विचारलं, "काय हो, पुन्हा बारा वाजले की काय?"