सुनेची घंटीफुलं

अंबूबाईंच्या हाताला गुण आहे, असं समुद्रकाठचं सगळं नरपड गाव म्हणायचं. वाळकी काठी खोचली तरी पालवते, ही त्यांची ख्याती, आणि ती गावापेक्षा त्याच जास्त सांगत. अशा बाईला वीतभरही न वाढणाऱ्या झाडांनी २०१७च्या उन्हाळ्यात रडकुंडीला आणलं.

झाडं त्यांची नव्हती, सुनेची होती. भाविनी सीमेपलीकडच्या उंबरगावची, नवी नवरी, बोलणं कमी आणि गुजराती वळणाचं. दिवाळीनंतर तिने वलसाडच्या नर्सरीतून बुटक्या घंटीफुलांच्या कुंड्या आणल्या. थंडीत त्या इवल्याइवल्या जांभळ्या घंटांनी भरून गेल्या. अंबूबाईंनी शेजारच्या मैनावहिनींपुढे नाक मुरडलं, "देवाला वाहत नाहीत, वेणीत माळता येत नाहीत. चिकूच्या वाडीत ही थेरं कशाला?" भाविनी पडवीतच होती. ती कुंड्यांना पाणी घालत राहिली.

सातव्या महिन्यात ओटी भरून ती बाळंतपणाला माहेरी निघाली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "आई, माझी फुलं सांभाळाल ने?" या घरात आल्यापासून तिने सासूकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. अंबूबाई म्हणाल्या, "जा तू बिनघोर."

ऊन चढलं तशी झाडं मरगळली. आजारी झाडाला अंबूबाईंकडे एकच औषध, मासळी धुतलेलं पाणी. लिंबाला तेच, कढीपत्त्याला तेच. त्या दिवशी घरात ताजी मासळी नव्हती, खारवलेली भिजत घातली होती. त्यांनी तेच पाणी कुंड्यांत ओतलं. खाऱ्या वाऱ्यावर वाढलेल्या वाडीला मिठाचं काय कौतुक! पण घंटीफुलं काही या वाऱ्यावर वाढलेली नव्हती. पानांच्या कडा करपल्या, वासाला आलेल्या मांजरांनी माती उकरली, आणि आठवड्याच्या आत कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या.

अंबूबाई घाबरल्या. झाडं मेली याचं दुःख वेगळं, पण ती आपण मुद्दाम मारली, असं कोण नाही म्हणणार? नाक मुरडलं होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. सून म्हणेल, सासूने डाव साधला. उभा जन्म एका घरात काढायचा आणि मनात हे! त्यांनी कुंड्या गोठ्यामागे लपवल्या. "सुनेची फुलं दिसत नाहीत ती?" मैनावहिनींनी कुंपणावरून विचारलं, तेव्हा अंबूबाई त्यांच्यावर उगाचच खेकसल्या. मुलगा जतीन म्हणाला, "आई, सांगून टाक ना." त्यालाही त्यांनी गप्प बसवलं. बाळंतपण तोंडावर आलेलं, पोरीच्या जिवाला घोर नको, असं त्या म्हणत. खरा घोर कोणाच्या जिवाला होता ते जतीनला दिसत होतं.

भाविनीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आई, फुलं कशी आहेत?" अंबूबाई "बरी आहेत" म्हणून फोन जतीनच्या हातात कोंबत. पुढे पुढे फोन वाजला की त्यांना वाडीत काम निघायचं. मुलगी झाली. बारशाला उंबरगावला गेल्या, तर भाविनी जवळ येऊन बसताच त्या पेढे वाटायला उठल्या. नात मांडीवर घेतली तीही सगळ्यांच्या गर्दीत.

सव्वा महिना झाला. सून घरी यायची, तर तिचा निरोप आला, "पाऊस संपल्यावर येते." जतीनचं तोंड उतरलं. अंबूबाईंना वाटलं, कोणीतरी झाडांचं कळवलं. त्या दुपारी त्यांनी स्वतः फोन लावला.

"भाविनी, तुझी झाडं मेली गं. मीच मारली. खारं पाणी घातलं. मुद्दाम नाही, तुझ्या लेकीची शपथ."

"शपथ नका घेऊ, आई. ती मरणारच होती."

"म्हणजे?"

"नर्सरीवाल्याने सांगितलेलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती टिकत नाहीत."

अंबूबाईंचा संतापच झाला. एवढे दिवस घास उतरत नव्हता घशाखाली! "मग माझ्या गळ्यात कशाला बांधलीस?"

"तुमच्याशी काय बोलायचं ते मला कळत नव्हतं ने. म्हटलं, फुलांचं विचारायला रोज फोन करीन. तुम्ही चार गोष्टी सांगाल." मागे तान्ही कुरकुरत होती. "पण तुम्ही तर फोनच घेईनाशा झालात. बारशालाही उठून गेलात. मुलगी झाली म्हणून असेल, असं वाटलं मला."

अंबूबाईंना बसायला काही सापडेना. त्या तशाच जमिनीवर बसल्या.

"पावसाचं काय घेऊन बसलीस?" त्या म्हणाल्या. "सामान भर. मी निघाले, तुम्हा दोघींना न्यायला."